मी हल्ली कारनं जातो

ऑफिसला ट्रेननं जावं की कारनं, हा प्रश्न ज्यांच्या दारात कार नसते त्यांना पडत नाही. आम्हालाही तो इतकी वर्षं पडला नव्हता आणि त्यावाचून आमचं काही अडलं नव्हतं. पण माझ्या मेहुण्याची परदेशी बदली झाली आणि जाताना तो आपली कार आमच्या दारात उभी करून गेला. करड्या रंगाची, मागच्या दाराला पोचा आलेली, पण स्वभावानं गरीब अशी कार होती. "नुसती उभी राहिली तर बिघडेल, वापरा," एवढं बोलून तो विमानात बसला. लोक बोलून मोकळे होतात, निस्तरायचं आपल्याला असतं.

खरं म्हणजे मी तिला नुसतं पुसून ठेवलं असतं. पण त्याच सुमाराला बायकोनं पोहायला शिकायचं मनावर घेतलं. लहानपणी नदीत तिचा पाय घसरला होता, तेव्हापासून ती पाण्याला घाबरते. मी पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला आहे आणि माझी बायको गुडघाभर पाण्यात उतरत नाही, यावर ऑफिसात व्हायचे ते विनोद होऊन गेले आहेत. टेकडीपलीकडे पोहण्याचा नवा तलाव झाला आणि बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाल्याचं कळलं, तेव्हा पडदे शिवता शिवता मशीन थांबवून ती म्हणाली, "आता नाही शिकले तर मी कधीच शिकणार नाही." ती सहसा काही मागत नाही. पडद्याचं कापडसुद्धा उरलंसुरलं वापरते. त्यामुळे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं.

समोर राहणाऱ्या शिक्षिका त्याच वर्गाला जाणार होत्या आणि हिला स्कूटरवरून नेणार होत्या. अडचण एकच होती, ती म्हणजे माझे वडील. बाबांची प्रकृती ठणठणीत आहे, पण हल्ली ते विसरतात. दूध तापत ठेवतात आणि पुस्तक घेऊन गच्चीत जाऊन बसतात. एकदा शेजाऱ्यांचे बूट घालून बाजारात फिरून आले आणि बूट चावतात म्हणून चांभाराशी भांडले. त्यांना घरात एकटं ठेवायची सोय नव्हती. माझी ट्रेन मला घरी आणून सोडेपर्यंत वर्ग सुरू झालेला असणार होता. कारनं आलो तर मी वेळेआधी घरात असेन, असा माझा हिशेब होता. वर्गाची शिक्षिका मोठी कडक होती. पहिल्या दिवशी जी येणार नाही, तिची जागा दुसरीला, असं तिनं आधीच बजावलं होतं.

"मी काय म्हणते," बायको म्हणाली, "कार आहेच दारात, तर..."

"तेच," मी म्हणालो. "तू काळजी करू नकोस. मी सगळ्या बाजूंनी विचार करतोय."

सगळ्या बाजूंनी विचार करायचा म्हणजे चार लोकांना विचारायचं. पहिले अर्थातच खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. त्यांच्याकडे कार आहे आणि मतंही आहेत. शिवाय धंद्याच्या सवयीमुळे समोरच्याला बोलू न देता बोलत राहण्याची कला त्यांना साधली आहे. ते म्हणाले, "ट्रेनचा माणूस नेहमी दुसऱ्याच्या घड्याळावर जगतो. कारमध्ये तुम्ही तुमचे मालक. फक्त एक करा, रेल्वेचा पास संपला की पुन्हा काढू नका. पास खिशात असला की मन डळमळतं. परतीचे दोर कापून टाका." मी आ वासून ऐकत होतो. त्यांनी सवयीनं माझ्या दाढांकडे पाहिलं आणि एकदा येऊन जा म्हणाले.

दुसरं मत आमच्या डब्यातल्या मंडळाचं. आमची ट्रेन काही मोठी नाही. शहर आणि आसपासच्या वसाहती यांच्यात ती शांतपणे ये-जा करते आणि वाटेत झाडं, गोदामं, कुणाची परसदारं दाखवते. शेवटून दुसऱ्या डब्यात खिडकीजवळ आमचं चौघांचं मंडळ वर्षानुवर्षं बसत आलं आहे. चष्म्यांच्या दुकानात काम करणारे एक गृहस्थ प्रत्येक वादाचा निकाल देतात म्हणून त्यांना आम्ही अध्यक्ष म्हणतो. एक नर्सबाई आहेत, त्या विणत असतात आणि वर न बघता टोमणे मारतात. चौथे टंकलेखक, ते कायम दोन्ही बाजूंना मान डोलावतात. या मंडळाची एक जुनी रीत आहे. कुणी आला तर तो बसतो, नाही आला तर त्याच्या जागेवर वर्तमानपत्र ठेवतात. पण आज कसे आलात, काल का नाही आलात, अशा चौकशा कुणी कुणाच्या करत नाही. अध्यक्ष म्हणतात, चौकशा करायला घरचे आहेत.

मी विषय काढताच अध्यक्षांनी चष्मा पुसला. "कारमध्ये तुम्ही कुणाशी बोलणार?"

"बोलायचं कशाला? वेळ वाचेल ना."

"वाचलेल्या वेळेत माणूस पुढच्या कारवाल्याला शिव्या देतो," नर्सबाई टाके मोजत म्हणाल्या. टंकलेखकांनी त्यांच्याकडे मान डोलावली आणि लगेच माझ्याकडेही डोलावली. माझा मुद्दा मांडून पुरा व्हायच्या आत आमचं स्टेशन आलं, म्हणून अध्यक्षांनी निकाल राखून ठेवला. तो अर्धवट राहिलेला मुद्दा मला पुढे किती महागात पडणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

घरी आल्यावर मी बायकोला दोन्ही मतं सविस्तर सांगितली. ती पडद्याला कड्या लावत होती. "अहो, मी काय म्हणते," तिनं पुन्हा सुरुवात केली, पण तेवढ्यात दंतवैद्य आरसे कसे लावायचे ते दाखवायला वर आले. तिनं त्यांच्यासाठी चहा ठेवला.

अशा रीतीनं पास संपला, मी दोर कापले आणि एका सकाळी कारमध्ये बसलो. मला कार चालवता येते. कागदोपत्री तर उत्तमच येते. फक्त मागे घेणं हा प्रकार मला मुळातच अपमानास्पद वाटतो. बाबा मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आले. कुंपणाची जाई मी चाकाखाली घेतली तेव्हा ते म्हणाले, "सावकाश. ट्रेन चुकली तर चुकली."

शहराच्या वेशीपाशी रेल्वेचं फाटक आहे. इतकी वर्षं ट्रेनच्या खिडकीतून त्या फाटकाशी खोळंबलेल्या कारवाल्यांकडे आम्ही दयेनं बघत आलो होतो. त्या सकाळी फाटक नेमकं माझ्यापुढे पडलं. मी हॉर्न वाजवणाऱ्यांच्या मधोमध बसलो असताना समोरून आमचीच ट्रेन गेली. शेवटून दुसऱ्या डब्याच्या खिडकीत मंडळ बसलं होतं. अध्यक्षांनी मला ओळखलं आणि चहाचा पेला उंचावला. नर्सबाईंनी सुई हलवली. टंकलेखक मान डोलावत होते. माझ्या जागेवर वर्तमानपत्र होतं. मी हात हलवायला काच खाली केली, तर पाणी मारण्याचं बटण दाबलं गेलं आणि फाटक उघडेपर्यंत माझी काच पुसली जात राहिली.

ऑफिसच्या आवारात कार लावायला परवानगी लागते. व्यवस्था विभागातल्या बाई सज्जन आहेत, पण नियमाबाहेर एक पाऊल टाकत नाहीत. त्यांनी सांगितलं, "नियमित कारनं येणाऱ्यांनाच जागा मिळते. तुम्ही आधी काही महिने नियमित कारनं येऊन दाखवा."

"तोपर्यंत कार कुठे लावू?"

"ते आमच्याकडे येत नाही."

मी रीतसर अर्ज केला. त्याचं उत्तर दुपारीच आलं. "आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात येत आहे." वाचून मला गहिवरून आलं, कारण ते वाक्य माझंच होतं. तक्रार विभागात रुजू झालो तेव्हा मीच ते घडवलं होतं आणि आजवर नळाला पाणी न येणाऱ्या हजारो लोकांना पाठवलं होतं. ते मिळाल्यावर कसं वाटतं हे मला प्रथमच कळलं. मुळीच बरं वाटत नाही.

शेवटी ऑफिसमागच्या गल्लीत एका लाकडी सामानाच्या दुकानापुढे जागा सापडली. दुकानदार हसतमुख होता. "लावा की, आपलीच गल्ली आहे. फक्त ट्रक आला की जरा सरकवायची." त्याच्याकडे इतके ट्रक येत असतील असं दुकान बघून वाटत नव्हतं. मी एखाद्या तक्रारीवर जरा मन लावून उत्तर लिहायला घ्यावं, की फोन वाजे. "साहेब, ट्रक आलाय." मी जिने उतरून जायचो, कार पुढे घ्यायचो, कपाटं उतरेपर्यंत उभा राहायचो आणि पुन्हा मागे घ्यायला दुकानदाराला बसवायचो. आमचे विभागप्रमुख एकदा खिडकीतून बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "काही जोडधंदा सुरू केलात का? सांगा, संकोच करू नका." ऑफिसभर मी फर्निचर विकतो अशी बातमी झाली आणि दोघातिघांनी माझ्याकडे पलंगाची चौकशी केली.

हे सगळं मी गिळलं, कारण संध्याकाळी मी खरंच लवकर घरी येत होतो. बाबा आणि मी गच्चीत बसायचो. बायको आमच्याकडे बघून समाधानानं हसायची. तिनं पोहण्याचे कपडे आणले, टोपी आणली. एकदा मी आत गेलो तेव्हा ती टोपी घालून बादलीत तोंड बुडवून श्वास धरायचा सराव करत होती. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो. तेव्हा मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हिचा पहिला दिवस चुकू द्यायचा नाही.

वर्गाचा पहिला दिवस उजाडला. सकाळी ती म्हणाली, "वेळेवर याल ना?" मी नुसता हसलो, कारवाले हसतात तसा. त्या दिवशी ट्रकही कमी आले. ऑफिस सुटताच मी किल्ली खिशात घालून बाहेर पडलो आणि फाटकातच नर्सबाई भेटल्या. त्यांचं हॉस्पिटल आमच्या मागेच आहे. त्या चालता चालता विणत होत्या.

"अध्यक्ष म्हणतात, कारवाल्यांकडे मुद्दाच नव्हता, म्हणून तोंड लपवतात," त्या वर न बघता म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, हे कोण ऐकून घेईल? मुद्दा माझ्याकडे होता, तो अर्धवट राहिला होता. मी म्हणालो, "मुद्दा नव्हता? ऐका." आणि मी सांगू लागलो. त्या चालत होत्या म्हणून मीही चालत होतो. कारमुळे माणसाला घर कसं मिळतं, वडिलांजवळ बसायला कसं मिळतं, हे सांगता सांगता आम्ही चौक ओलांडला, पुलाचे जिने चढलो आणि उतरलो. पाय इतक्या वर्षांचे सरावलेले, त्यांनी मला विचारलं नाही. फलाटावर अध्यक्ष दिसले तेव्हा तर मला स्फुरण चढलं. ट्रेन आली, आम्ही चढलो, अध्यक्षांनी माझ्या जागेवरचं वर्तमानपत्र उचललं आणि मी खिडकीशी बसलो. कुणी काही विचारलं नाही. रीतच तशी.

त्या दिवशी मी कारच्या बाजूनं जसा बोललो, तसा जन्मात कधी बोललो नव्हतो. आजूबाजूचे प्रवासी वाकून ऐकत होते. टंकलेखक प्रथमच एकाच बाजूला मान डोलावत होते आणि ती बाजू माझी होती. अध्यक्षांनी चष्मा काढून हातात घेतला, म्हणजे ते हरत आले होते. "माणसानं घरचे लोक वाट बघत असताना," मी म्हणालो, "ट्रेनसारख्या मंद वाहनात बसून राहणं हा मी गुन्हा समजतो."

"पास," कुणीतरी म्हणालं.

तिकीट तपासनीस माझ्यासमोर उभा होता. मी तोऱ्यात उत्तर दिलं, "मी पास काढत नाही. मी हल्ली कारनं जातो."

नर्सबाईंची सुई थांबली. ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तपासनीस सभ्य माणूस होता. "बरं," तो म्हणाला. "आणि कार कुठे आहे?"

"दुकानापुढे," मी म्हणालो आणि मग खिशातली किल्ली हाताला लागली. खिडकीबाहेर परसदारं मागे जात होती. रेल्वेच्या फाटकाशी कारवाले खोळंबले होते आणि त्यांच्यात मी नव्हतो. मी दंड भरला. अध्यक्षांनी निकाल दिला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नर्सबाई पुटपुटल्या, "मला वाटलं, आज तुम्हाला आमची आठवण झाली." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

स्टेशनपासून घरापर्यंत मी पळत गेलो. बायको पिशवी खांद्याला लावून फाटकात उभी होती. समोरच्या शिक्षिका केव्हाच निघून गेल्या होत्या. मला पाहताच ती पुढे आली आणि तिनं माझे दोन्ही दंड चाचपून पाहिले. "बरे आहात ना? मला वाटलं, अपघात झाला. कार कुठे आहे?"

मी खरं ते सांगितलं. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळं हसण्याचं नव्हतं, हे कळण्याइतका मी जुना नवरा आहे. मी तिच्या शेजारी बसलो. "माझ्यामुळे तुझी जागा गेली," मी म्हणालो. "मला माफ कर." बाबा बाहेर आले, त्यांनी आम्हा दोघांना पाहिलं आणि काय झालं ते न विचारता तिच्या दुसऱ्या बाजूला बसले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "सकाळी मी येते तुमच्याबरोबर कार आणायला."

"आणि बाबांना कुठे ठेवायचं?"

"ठेवायचं कशाला? घेऊन जायचं."

सकाळी आम्ही तिघं ट्रेननं गेलो. मंडळानं बाबांना खिडकी दिली आणि बाबांनी अध्यक्षांना दोनदा त्यांचं काम विचारलं. दोन्ही वेळा अध्यक्षांनी तितक्याच उत्साहानं सांगितलं.

गल्लीत कार होती, पण दिसत नव्हती. ट्रक रात्रीचा आला, तुम्ही नव्हतात, मग आम्ही काय करणार, असं दुकानदार म्हणाला. कारच्या दोन्ही अंगांना कपाटं उभी होती, पुढे जेवणाचं टेबल आणि मागे अर्धी गल्ली अडवून ट्रक. "टेबल उचलतो," तो म्हणाला, "पण कपाटं आज हलायची नाहीत. क्रेन बोलवावी लागेल." त्यानं टेबल बाजूला केलं आणि मी क्रेनवाल्याला फोन लावायला घेतला.

"किल्ली द्या," बायको म्हणाली.

ती मागच्या डिकीच्या दारातून आत शिरली, पुढे सरकली, तिनं सीट ओढून घेतली, आरसे फिरवले. मग दोन कपाटांमधून हळूहळू, कुठे न थांबता, तिनं ती कार पुढे काढली, तिरकी केली आणि ट्रकच्या कडेनं मागे घेतली. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा." मी झालो. लग्नाआधी ती वडिलांच्या लाँड्रीची गाडी गल्लीबोळांतून चालवायची, हे मला माहीत होतं. लग्न झालं तेव्हापासून मला माहीत होतं. पण ती आमच्यात एक गंमत म्हणून सांगायची गोष्ट होती. तिचा या कारशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं काच खाली केली. "दुपारच्या वर्गाला कुणी येत नाही, सगळ्यांना संध्याकाळ हवी असते. तिथे सावलीला बाकं आहेत. बाबांना घेऊन मी कारनं जाईन. तुम्ही लवकर यायची काही गरज नाही."

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या जणांना विचारत होतात," ती म्हणाली. "म्हटलं, कधीतरी माझाही नंबर येईल."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. बाबा पुढच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला आणि दोघं निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो. मग जिने चढून ऑफिसात गेलो, कुणाच्या तरी नळाची तक्रार पुढे ओढली आणि माझं ते वाक्य न लिहिता त्याला फोन करून विचारलं की पाणी नेमकं कधीपासून येत नाही. तो इतका घाबरला की आधी मी कोण ते त्यानं तीनदा विचारलं.

मी पुन्हा पास काढला. दंतवैद्यांनी बोलणं टाकलं आहे, पण दाढेसाठी बोलावतात. मंडळात कारचा विषय निघत नाही, फक्त तो तपासनीस आला की मला पास न मागता विचारतो, "आज कशानं?"

परवा मी संध्याकाळी स्टेशनातून बाहेर आलो तर करडी कार समोर उभी होती. स्टीअरिंगवर बायको होती. केस ओले होते, डोळे लाल झाले होते. मी सवयीनं पुढचं दार उघडलं, तर तिथे बाबा बसलेले.

"मागे बसा," ते परक्या माणसाशी बोलावं तसं मला म्हणाले. "आमच्या पोरीला त्रास देऊ नका, ती दमली आहे."

मी मागे बसलो. तिनं कार वळवली. थोडं अंतर गेल्यावर आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "आज कठडा सोडला."

"किती वेळ?"

"मोजायचं राहून गेलं," ती म्हणाली. "खाली पाय टेकत नव्हते. तरी मी पाण्यावर होते."

बाबांनी तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं, आपल्या गळ्याभोवतीचा पंचा काढला आणि तिच्या खांद्यावर टाकला. कार घराकडे चालली होती आणि मी मागच्या सीटवर मधोमध बसलो होतो. तिथून दोघंही नीट दिसत होते.